बागेच्या मापाचा ट्रॅक्टर

“ह्याच्यावर बसलं तर पाय भुईला लागतेत राव!”

दादा हे शोरूमच्या माणसाला म्हणाला. आवाज हळू होता, पण मला ऐकू यावं अशा बेतानं हळू. मी त्या छोट्या ट्रॅक्टरच्या पलीकडे वाकून मागच्या दोन चाकांमधलं अंतर बघत होते. शोरूमचा माणूस हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, ही त्याची नोकरीच होती. मग दादानं त्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दोन थापा मारल्या, पाहुण्यांच्या घरी नकोशा पोराच्या डोक्यावर माराव्यात तशा, आणि दोघं रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या मोठ्या ट्रॅक्टरकडे निघून गेले.

हे अंबडला. शोरूम म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्यापुढे मुरूम टाकलेलं मैदान. दादा माझा चुलतभाऊ. त्याचे वडील, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मोठे बाबा म्हणतो, ते आत पंख्याखाली चहा पीत बसले होते. माझे वडील शेजारच्या खुर्चीत, खुर्चीच्या अर्ध्याच भागावर टेकलेले. ट्रॅक्टर आमच्या मोसंबीच्या बागेसाठी घ्यायचा होता. कागदोपत्री तो माझ्या नावानं निघणार होता. आणि मला त्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता.

बाईच्या नावानं अर्ज केला की सरकारी सवलत जास्त मिळते, म्हणून आमच्या भागातले कितीतरी ट्रॅक्टर बायकांच्या नावावर आहेत. त्या बायका पूजेच्या दिवशी चाकाला हळदकुंकू लावतात, फोटोपुरत्या स्टिअरिंगला हात लावतात, आणि मग त्या ट्रॅक्टरशी त्यांचा संबंध संपतो. मोठ्या आईच्या, म्हणजे दादाच्या आईच्या, आणि माझ्या आईच्या नावानं आधी दुसऱ्या अवजारांची सवलत घेऊन झाली होती. म्हणून या वेळी माझा नंबर लागला. त्यासाठी वडिलांनी बागेचा सातबारा माझ्या नावावर करून दिला. तलाठी कार्यालयातून आल्यावर दादा मला म्हणाला, “आता तर जमीनदारीण झाली बाई तू.” त्या दिवशी तेवढाच एक विनोद पुरला, जेवताना तो त्यानं पुन्हा केला.

दादा आणि तो माणूस तिथून शेडमध्ये गेल्यावर मी मोठ्या ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला गेले. जवळ मोजायची टेप होती, पण ती सगळ्यांसमोर पर्समधून काढायची मला लाज वाटली. मी ओढणीचं एक टोक एका बाजूला धरलं, दुसऱ्या बाजूपर्यंत ताणली आणि तिथे गाठ मारली. त्याला जोडलेला, माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर चाकांच्याही थोडा बाहेर येत होता. गाठ तिथवर सरकवली. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, पोरगी ओढणीची धूळ झटकते आहे.

आमची बाग तीर्थपुरीच्या अलीकडे आहे, चार एकर. दोन ओळींच्या मधली मशागत पूर्वी वडील बैलांनी करायचे. त्यांची पाठ गेली आणि बैल विकले, तेव्हापासून आम्ही भाड्याचा ट्रॅक्टर सांगत होतो. तो कधीच वेळेवर आला नाही. आला की ड्रायव्हर कानात गाणी घालून, मोकळ्या माळावर घुसावं तसा ओळीत घुसायचा. फांद्या मोडायच्या, कच्च्या मोसंब्या चाकाखाली फुटायच्या, ठिबकच्या नळ्या रोटाव्हेटरला गुंडाळून यायच्या. तो गेल्यावर आई घमेलं घेऊन पडलेली फळं गोळा करायची. “बघ माय, कसं केलं मुडद्यानं,” एवढंच म्हणायची. कुणाला दाखवायला नाही, नुसती गोळा करायची आणि बांधावर ओतायची.

मी जालन्याला हॉस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत माझ्या बोलण्यातलं ‘न्हाई’ आणि ‘मंग’ ऐकून मुली हसायच्या. मी ते खरवडून काढलं. मग सुट्टीत घरी आले की माझ्या ‘नाही’ आणि ‘मग’ला घरचे हसायचे. त्यानंतर मी दोन्हीकडे कमी बोलायला लागले. पदवी झाल्यावर परीक्षांच्या अभ्यासासाठी म्हणून घरी आले, आणि अभ्यासापेक्षा जास्त वेळ आईबरोबर बागेत जायला लागला. कोणत्या झाडाला पाणी कमी पडतंय, कोणत्या फांदीला टेकू द्यायला हवा, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मोठ्या बाबांना बाग आंब्याच्या सावलीतल्या खाटेवरून माहीत होती.

“तुमच्या मॅडमला इंग्लिशमधी इचारा काका, मंग बोलतेल,” असं दादा वडिलांना म्हणायचा. वडील कसंनुसं हसायचे. मला त्या हसण्याची जास्त चीड यायची.

छोटा ट्रॅक्टर नेमका कसा चालतो, हे बघायला आई आणि मी घनसावंगीच्या रस्त्याला एका चाचांच्या बागेत गेलो. त्यांच्याकडे चोवीस एचपीचा होता. आमची मोसंबी आणि त्यांची मोसंबी साधारण एका वयाची. चाचांना आमचं येणं मुळीच आवडलं नाही.

“देखने का है तो देखो. चढने का नै,” ते मला म्हणाले.

“चढत न्हाई चाचा,” आई म्हणाली. “पोरीला नुसतं बघायचंय.”

“बघा की. सगळी दुनिया येऊन बघून जाऊन राह्यली. माझं पाणी पितेत, माझा टाइम खातेत, आन् जाऊन मोठाच घेतेत.”

मग त्यांनी, आमच्यावर उपकार म्हणून नव्हे तर त्या आधीच्या सगळ्यांवरच्या रागानं, त्या ट्रॅक्टरची उणीदुणी काढली. काळ्या रानात खोल नांगरट याच्यानं होत नाही, नांगर जरा जास्त घातला की नुसता थरथरत उभा राहतो. उसाची ट्रॉली लावली तर तोंड वर उचलतो. रान ओलं असलं की चाकं जागच्या जागी फिरतात. वर्षातून एकदा नांगरटीसाठी त्यांना अजूनही मोठा ट्रॅक्टर सांगावाच लागायचा, आणि तो सांगताना दरवेळी भांडण व्हायचं.

“तो फिर लिया कायको?” मी विचारलं. माझं हिंदी शाळेतलं, त्यांच्या बोलीत शिरायला बघत होतं. त्यांनी भुवया आक्रसल्या.

ते सीटवर चढले, ट्रॅक्टर चालू केला आणि दोन ओळींच्या मधे घातला. छोटा रोटाव्हेटर मागे फिरत होता. दोन्ही बाजूंची पानं मडगार्डला नुसती घासत होती. एके ठिकाणी फळांनी वाकलेली फांदी सरळ त्यांच्या तोंडासमोर आली, त्यांनी ती हातानं बाजूला धरली आणि पुढे जाऊन सोडून दिली. ओळीच्या त्या टोकाला वळून ते शेजारच्या ओळीतून परत आले. जमिनीवर एकही फळ पडलं नव्हतं. आई खाली बसून माती हातात घेऊन बघत होती.

“बस अब,” चाचा इंजिन बंद करत म्हणाले. “डिझल मुफत का नै मेरा.”

परत आल्यावर जीपमधून उतरताना आई म्हणाली, “हाच पायजे आपल्याला.” पण ती ते मला म्हणाली. मोठ्या बाबांसमोर तिचा पदर आपोआप कपाळावर यायचा आणि आवाज आपोआप आत जायचा.

त्याच आठवड्यात डेमो झाला. डेमो म्हणजे शोरूमवाले ट्रॅक्टर घेऊन शेतात येतात आणि चालवून दाखवतात. आमच्याकडे तो शेतासाठी कमी आणि रस्त्यासाठी जास्त असतो. मोठ्या बाबांनी तो मोठा, पन्नास एचपीचाच मागवला, आणि चालवायला जागा निवडली ती त्यांची स्वतःची, सडकेला लागून असलेली, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली. येणारे-जाणारे मोटारसायकली थांबवून बघत होते. नांगर जमिनीत गेला, काळी ढेकळं मांडीएवढी वर आली, आणि बांधावरच्या लोकांनी माना डोलावल्या. दादा सीटच्या बाजूला मडगार्डवर बसला होता, नवरदेवाच्या घोड्याशेजारी चालणाऱ्या भावासारखा चेहरा करून. ट्रॅक्टर चांगला होता. मला ते नाकारायचं नाही. त्या रानाला तो अगदी बरोबर होता. फक्त ते रान आमचं नव्हतं.

मी आईच्या कानात सांगितलं. आईनं पदराआडून म्हटलं, “एकदा बागेत बी फिरवा म्हणावं.”

“बागेत कोणाला दाखवायचा काकू?” दादा वरूनच ओरडला. “झाडांला?”

बांधावरचे सगळे हसले. वडीलही हसले.

मोठे बाबा हसले नाहीत. त्यांनी समजूत घालायच्या सुरात सांगितलं, “अठरा बाय अठराची लागवड हाय आपली. ट्रॅक्टर सहा फुटाचा. दोन ट्रॅक्टर शेजारी शेजारी जातेल, तरी जागा उरंल. बिलकुल काळजी करू नका.”

अठरा बाय अठरा. हा आकडा आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्याच घरात नाही, या पट्ट्यात कुणालाही बाग विचारा, तो आधी लागवडीचं अंतर सांगतो, एकर नंतर. सगळे ते अंतर सांगतात ते रोप लावलं त्या दिवशीचं, खोडापासून खोडापर्यंतचं, जेव्हा रोप करंगळीएवढं होतं. त्यानंतर झाडं दोन्ही बाजूंनी वाढली, फांद्या फळांच्या वजनानं खाली आल्या, पण आकडा तोच राहिला. ट्रॅक्टर खोडांच्या मधून जात नाही. तो फांद्यांच्या मधून जातो. ही गोष्ट मोठ्या बाबांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी वर्षानुवर्षं तो आकडा इतक्या लोकांना ऐकवला होता की आता तेच अंतर त्यांना दिसत होतं.

डेमोच्या दुसऱ्या दिवशी मी टेकूचा एक लांब बांबू घेतला आणि ओढणीच्या गाठीएवढा कापला. आईनं एक टोक धरलं, मी दुसरं. मोठ्या ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर जेवढा रुंद, तेवढा बांबू आडवा धरून आम्ही ओळीतून चालायला लागलो. तिसऱ्या झाडापर्यंतही पोचलो नाही. आईच्या बाजूचं टोक फांदीत घुसलं, ते सोडवायला जावं तर माझ्या बाजूचं अडकलं.

तेवढ्यात विहिरीवरची पाण्याची मोटार बघायला आलेले मोठे बाबा आणि दादा तिकडून आले. दादानं आम्हाला दोन टोकांना बांबू धरून उभं असलेलं पाहिलं.

“तिरडी बांधून राह्यल्या का काय काकू?”

“तुझ्या ट्रॅक्टरची,” आई म्हणाली.

तिनं त्याला असं उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तिलाही ते ऐकून धक्का बसला असावा, कारण लगेच तिनं पदर सारखा केला आणि मोठ्या बाबांना म्हणाली, “भाऊजी, तुमीच बघा. जातोय का.”

मोठे बाबा पुढे आले. त्यांनी माझ्या हातातलं टोक घेतलं, ओढून पाहिलं, झाडाची पानं गळली. पुढच्या झाडांकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. हात पाठीमागे बांधून ओळीत थोडं आत गेले, परत आले.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “जात न्हाई.”

मला इतकं हलकं वाटलं की मी आईकडे बघून हसले.

“मंग एक आड एक ओळ काढून टाकू,” मोठे बाबा म्हणाले. “मधल्या जागंत ऊस बसंल.”

“मी तर पहिल्यापासून तेच म्हणून राह्यलो,” दादा म्हणाला. “ऊस बी आपला, ट्रॅक्टर बी आपला, ट्रॉली लावली का हंगामभर वाहतूक. ह्या लिंबांच्या मागं कोण लागतं?”

ते दोघं बोलत बोलत बांधाकडे गेले. एक आड एक म्हणजे अर्धी बाग. पहिल्यांदा मला कळलं की आम्ही दोघी काय सिद्ध करून बसलो होतो. मी समजत होते की ट्रॅक्टर रानाच्या मापाचा घ्यायचा असतो. इथे ट्रॅक्टर ठरलेलाच होता, रान त्याच्या मापाचं करायचं होतं, आणि त्यासाठीचा पुरावा आम्ही बांबू कापून त्यांच्या हातात दिला होता. आईनं बांबू खाली टाकला नाही. पुन्हा टेकूच्या कामाला येईल म्हणून उचलून बांधावर नेऊन ठेवला.

संध्याकाळच्या चहाला तिनं वडिलांना सांगितलं.

“भाऊ म्हणतो तसं करू,” ते म्हणाले.

“झाडं तुमी लावली का भाऊजींनी?”

“भाऊनं आजवर केलं ते आपल्या चांगल्यासाठीच केलं न.”

ही झाडं लावली तेव्हा ठिबक नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात वडिलांनी घागरीनं एकेका आळ्यात पाणी घातलं होतं, त्यांची पाठ तेव्हापासूनच बिघडली असं आई म्हणते. ते हे सगळं विसरले नव्हते. चहा पिऊन झाल्यावर ते उठून ओट्यावर गेले आणि बागेकडे पाठ करून बसले, एरवी ते कधीच तसे बसत नाहीत. दादाचा मला राग येतो तो रोजचा, सवयीचा. मोठ्या बाबांचा येतो त्यात थोडी भीती असते. त्या संध्याकाळी वडिलांचा जो राग आला तसा मला आजवर कुणाचाच आलेला नाही. ते बाग वाचवू शकत होते आणि त्यांना भावाच्या मर्जीत राहायचं होतं.



मोठ्या बाबांनी मुहूर्त काढला. आम्ही सगळे पुन्हा अंबडला गेलो. आई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली होती, मोठी आई पेढ्यांचा बॉक्स. पन्नासचा धुऊनपुसून शेडसमोर उभा होता. कागद व्हायच्या आधीच दादानं त्याला झेंडूचा हार घालून टाकला होता आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेत होता. नारळ पुढच्या चाकापाशी ठेवलेला.

आत शोरूमचा माणूस कॉम्प्युटरपुढे बसला होता. टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, त्यात मोठे बाबा आणि वडील बसले. मी उभी होते. त्यानं सवलतीच्या अर्जात काहीबाही टाइप केलं, मग मान वर केली.

“ताई, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आला असंल. तेवढा सांगा, झालं मग.”

मोबाइल माझ्या हातातच थरथरला होता. मी आकडे मनातल्या मनात वाचले. कॉम्प्युटरवर माझं पूर्ण नाव दिसत होतं, मधे वडिलांचं. त्याच्या खाली ट्रॅक्टरची माहिती, आणि तिथे पन्नास.

उशीर लागतोय हे बघून दादा बाहेरून आत आला. “आण इकडं. तिला सापडायचा न्हाई.” त्यानं हात पुढे केला.

मी मोबाइल उलटा करून तळहाताखाली धरला.

“सांग न बाई,” मोठे बाबा म्हणाले. “मुहूर्त टळून राह्यलाय.”

“आता काय झालं?” दादा म्हणाला. “इंग्लिशमधी सांग वाटलं तर.”

शोरूमचा माणूस नेहमीसारखा हसायला गेला, पण मोठ्या बाबांचा चेहरा बघून थांबला. वडील खाली स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी एकदा जरी वर बघितलं असतं तरी कदाचित मी आकडे सांगून मोकळी झाले असते. त्यांनी बघितलं नाही. दारात आई ताट धरून उभी होती. तिचा पदर कपाळावर आलेला होता, पण डोळे माझ्याकडे होते.

“ताई, वेळ संपला त्याचा,” शोरूमचा माणूस म्हणाला. “परत पाठवू का?”

इतक्या महिन्यांत या ट्रॅक्टरबद्दल मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. आवाज निघाला तो बारीक होता आणि माझा वाटत नव्हता, पण शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेला.

“मोठे बाबा, पन्नासचा घ्यायचा असेल तर तुमच्या नावानं घ्या. माझ्या नावानं चोवीसचाच घ्यायचा, आणि बागेतलं एकही झाड मी काढू देणार नाही.”